पतंगांच्या नोंदी हातात आहेत, मॉडेल कोणतं लावू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या चार गावांत, प्रत्येकी आठ कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे) लावून तीन हंगाम कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजलेत. सोबत महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचे आकडे आहेत. मार्गदर्शक म्हणतात, ‘यावर मॉडेलिंग करा.’ संख्याशास्त्राचे सर रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांतून काढणं) सुचवतात, भौतिकशास्त्रातला मित्र डिफरन्शियल इक्वेशन लिहायला सांगतो आणि कॉम्प्युटरवाला चुलतभाऊ म्हणतो, आता कोण रिग्रेशन करतं, सरळ न्यूरल नेटवर्क लाव. तिघांत बरोबर कोण? आणि दुसऱ्या विषयातलं मॉडेल आपल्या विषयात उचलून आणलं तर चालतं का?

मी मूळची संख्याशास्त्राची. विदर्भातल्या लोकांचे आकडे बरीच वर्षं माझ्याकडे येताहेत. कधी कापसाचे, कधी विहिरींच्या पाणीपातळीचे, कधी सिकलसेलच्या तपासण्यांचे. विषय बदलतात, पहिला अर्धा तास मात्र तोच असतो. समोरचा माणूस मॉडेलचं नाव घेऊन आलेला असतो आणि प्रश्न घरी राहिलेला असतो. तुमचे तिघंही सल्लागार आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघांनी मनात तीन वेगळे प्रश्न धरलेत. तुमचा प्रश्न त्यातला कोणता, हे तुम्ही लिहिलेल्या मजकुरात कुठेच नाही.

एक प्रश्न अंदाजाचा आहे. आज सापळ्यात इतके पतंग दिसले, तर पुढच्या आठवड्यात या गावात फवारणीची वेळ येईल का? इथं कारण नाही कळलं तरी बिघडत नाही. अंदाज वेळेवर आला आणि बऱ्यापैकी खरा ठरला म्हणजे झालं. दुसरा कारणाचा. २०१७ साली विदर्भात बोंडअळीनं जो कहर केला तो कशानं? फरदड (वेचणी संपल्यावरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक), लांबलेला हंगाम, बीटीच्या (म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कापसाच्या) विषाला अळीत आलेली प्रतिकारशक्ती, त्या वर्षीचं हवामान, यात कशाचं वजन किती? इथं नुसता आकडा जुळून भागत नाही, एक कारण हलवून बाकीची जागच्या जागी ठेवता आली पाहिजेत. आणि एक ‘असं केलं तर’चा प्रश्न. सगळ्या गावानं डिसेंबरअखेर उलंगवाडी करून, म्हणजे हंगाम संपवून, पऱ्हाट्या (कापसाची झाडं) उपटल्या, तर पुढच्या हंगामात किती फरक पडेल? तुमच्या तीन वर्षांत असं एकाही गावानं केलेलं नसेल, तर ते उत्तर तुमच्या आकड्यांत नाहीच, सॉफ्टवेअर कितीही भारी आणा. तिथं पिढ्या, मर, सुप्तावस्था हे सगळं समीकरणात मांडावं लागतं आणि तुमच्या मित्राचं म्हणणं तिथं लागू पडतं.

यातला कोणता घ्यायचा हे मी बाहेरून सांगू शकत नाही. प्रबंधाला किती वेळ उरलाय, मार्गदर्शकांचा कल कुठं आहे, अजून एखादा हंगाम वावरात जाता येईल का, यावर ते ठरेल. पण एकच घ्या. तिन्ही एका प्रबंधात कोंबणाऱ्यांचं तिसरं प्रकरण नेहमी घाईत लिहिलेलं असतं.

अंदाजाचा प्रश्न घेतलात, आणि तुमच्या आकड्यांना तोच सगळ्यात जास्त झेपेल असं मला वाटतं, तर अंदाज किती दिवस आधी हवा ते आधी ठरवा. हे हवामान केंद्र ठरवत नाही, बाजार ठरवतो. खेड्यातला कास्तकार औषध आणतो ते बहुतेक आठवडी बाजाराला किंवा तालुक्याला गेला की. मग पंप पाहायचा, मजूर पाहायचा, वारा-पाऊस पाहायचा. उद्याचा अचूक अंदाज त्याच्या कामाचा नाही, आणि महिन्यानंतरचा अंदाज तुम्हाला जमणार नाही. सात ते दहा दिवसांचा पल्ला धरा. एवढं ठरलं की निम्मी मॉडेलं आपोआप बाद होतात. आजचं तापमान आणि आजची आर्द्रता घेऊन आजचे पतंग सांगणारं रिग्रेशन कागदावर कितीही छान दिसलं, तरी दहा दिवस आधी ते आकडे कोणाच्या हातात असतात?

आता उसनवारीबद्दल. विज्ञानात समीकरणं इकडून तिकडे नेहमीच गेली आहेत, त्यात कमीपणा काही नाही. विहिरीवर पंप सुरू केला की भोवतालची पाणीपातळी कशी उतरत जाते, याचं सूत्र चार्ल्स थाइस या अमेरिकन भूजलतज्ज्ञानं १९३५ साली मांडलं. ते त्यानं उष्णतेच्या वहनाच्या गणितावरून घेतलं होतं. उष्णता जशी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते तसं जमिनीतलं पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, म्हणून गणिताचा सांगाडा एकच. आजही पंपिंग टेस्टचं विश्लेषण शिकवताना सुरुवात तिथूनच होते. पण त्या सूत्राच्या पोटात अटी आहेत. पाणी धरणारा थर सगळीकडे सारखा हवा, चहूकडे लांबवर पसरलेला हवा, आणि विहीर इतकी अरुंद हवी की तिच्यातला साठा धरला नाही तरी चालेल. यवतमाळ-वर्ध्याच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या मुरमातून येतं. एका वावरात विहिरीला पाणी, धुऱ्यापलीकडच्या विहिरीत ठणठणाट, हे तुम्ही पाहिलंच असेल. शिवाय आपल्या विहिरी चांगल्या ऐसपैस. पंप लावल्यावर बराच वेळ जे उपसलं जातं ते विहिरीतच साठलेलं पाणी असतं, खडकातून आलेलं नसतं. त्या सुरुवातीच्या आकड्यांवर थाइसचं सूत्र चालवलं की खडकाचा म्हणून जो गुणधर्म निघतो तो बराचसा विहिरीच्या रुंदीचा असतो. रुंद विहिरींसाठी वेगळं सूत्र पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ साली दिलं. तेव्हा ‘दुसऱ्या विषयातलं मॉडेल चालतं का’ याचं माझं उत्तर असं की समीकरण चालतं, पण त्याच्या अटी सोबत येतात आणि त्या आपल्या मातीत एकेक करून तपासाव्या लागतात.

दुसरं उदाहरण तुमच्या आकड्यांशी थेट भिडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. साथीच्या रोगांचं जे एसआयआर मॉडेल (लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले अशा तीन गटांचं) कोरोनाच्या काळात घराघरांत पोचलं, त्याचं मूळ कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधात आहे. मॅकेन्ड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत राहिलेला माणूस. त्या निबंधात त्यांनी मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू घेतले आणि त्यावर आपली वक्ररेषा बसवून दाखवली. रेषा फार सुरेख बसली. आता मॉडेल काय म्हणतं ते पाहा. साथ ओसरते, कारण ज्यांना अजून लागण झालेली नाही अशी माणसं कमी होत जातात. मुंबईत तसं झालं होतं का? तो प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला होत होता, आणि दरवर्षी साधारण त्याच महिन्यांत चढून ऊन वाढलं की उतरत होता. उतार हंगामाचा होता, माणसं संपल्याचा नव्हता. लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की लागणीचे आणि मृत्यूचे दर साथभर तेच राहिले वगैरे आमची गृहीतकं काटेकोर खरी नाहीत, तेव्हा हे फार ढोबळ समजावं. आकृती पुढं हातोहात गेली आणि ही कबुली अनेकदा मागं राहिली. हंगाम धरल्याशिवाय त्या स्थिरांकांना अर्थ लावता येत नाही, हे निकोला बाकाएर यांनी २०१२ साली पुन्हा गणित करून दाखवलं.

तुमच्या सापळ्यांचा हंगामभराचा आलेखही असाच दिसेल. आधी चढ, मग शिखर, मग उतार. त्यावर एसआयआर बसेल, लॉजिस्टिक वाढीच्या वेगाची रेषा बसेल, गाउसची घंटेच्या आकाराची रेषाही बसेल. रेषा बसली म्हणून यंत्रणा सिद्ध होत नाही. उतार कशानं आला हे आधी विचारा. फवारणी झाली म्हणून? पात्या-फुलं-बोंडं संपली म्हणून? थंडी पडून अळ्या सुप्तावस्थेत गेल्या म्हणून? की वावरात माद्याच इतक्या झाल्या की त्यांच्या गंधापुढं सापळ्यातल्या ल्यूरचा (मादीचा कृत्रिम गंध असलेल्या आमिषाचा) गंध फिका पडला आणि नर तिकडं फिरकलेच नाहीत? हे शेवटचं फार वाईट, कारण त्यात वहीतला आकडा घटतो तेव्हा शिवारातली कीड वाढलेली असते. कामगंध सापळा फक्त नर पकडतो, हे आपण लिहितो सगळे, पण मॉडेल करताना विसरतो. झाडापाशी उभा असलेला कास्तकार विसरत नाही. ‘फुलं पाहा न जी, पिशवीत काय पाहून राहिले,’ असं मला एका म्हाताऱ्या बाबांनी ऐकवलं होतं. डोमकळ्यांची (आत अळी असल्यानं न उमललेल्या फुलांची) मोजणी सापळ्यांच्या जोडीला का हवी, हे याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हेच वेगळ्या वेषात भेटतं. जनुकाच्या प्रमाणावरून वाहक किती आणि आजारी किती हे सांगणारा हार्डी आणि वाइनबर्ग यांचा १९०८ चा नियम लोक डोळे मिटून लावतात. त्यात लग्नं सगळ्यांत सारखी, यादृच्छिक होतात असं धरलेलं असतं. विदर्भात लग्नं जातीत होतात, आणि तपासणी शिबिराला येतात ती बरीचशी आधीच आजारी लेकरू असलेली घरं. ताडोब्यात पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्या काढण्याची पद्धत खूण करून सोडलेल्या माशांवरून आलेली आहे, ती तिथं नीट चालते. तुम्ही रंग लावून पतंग सोडायचा विचार करत असाल तर नका करू. पतंग वाऱ्यानं कुठल्या कुठं जातो, थोड्याच दिवसांत मरतो, आणि परत सापडणारे इतके थोडे की भागाकाराला अर्थ राहत नाही.

आता वही उघडा. एक्सेलची फाइल नको, पेन्सिलीनं लिहिलेली मूळ वही हवी.

माझ्याकडे एकदा अशाच सापळ्यांचे आकडे आले होते. संगणकावर घातले तेव्हा पतंगांवर सगळ्यात जास्त परिणाम करणारा घटक निघाला ‘वार’. तापमान, पाऊस, आर्द्रता सगळं मागं, आणि दर सोमवारी उडी. पतंगांना रविवार कळत नाही. सापळे पाहणाऱ्या पोराला रविवारची सुट्टी होती, म्हणून सोमवारचा आकडा दोन रात्रींचा होता, आणि दिवाळीनंतरचा तर पाच रात्रींचा. वहीत ते स्पष्ट दिसत होतं, कारण रविवारची ओळ कोरी होती. एक्सेलमध्ये चढवताना कोणीतरी कोऱ्या जागी शून्य भरलं होतं. तुमच्या वहीत तीन गोष्टी वेगळ्या ओळखा: शून्य पतंग, नोंदच नाही, आणि सापळा नादुरुस्त. प्लॅस्टिकची पिशवी फाटली, माकडांनी सापळा पाडला, पावसानं पिशवीत पाणी साचून पतंगांचा लगदा झाला, अशा दिवशी लोक कधी शून्य लिहितात, कधी आडवी रेघ मारतात. प्रत्येक आकड्यासमोर ‘किती रात्रींचा’ हा रकाना हवा. मॉडेलमध्ये तो ऑफसेट म्हणून जातो, म्हणजे आपण पतंग न मोजता दर रात्रीचे पतंग मोजतो.

ल्यूर बदलल्याच्या तारखा शोधा. नवा ल्यूर लावला की आकडा उसळतो, मग हळूहळू मावळतो. तुम्ही ते टिपलं नाही तर मॉडेल त्या उसळीचं कारण हवामानात शोधत बसतं, आणि शोधायला बसलं की त्याला काही ना काही सापडतंच. चारही गावांत ल्यूर एकाच दिवशी बदलले असतील तर हा परिणाम वेगळा काढणं जवळपास अशक्य आहे. वेगवेगळ्या दिवशी बदलले असतील तर तुमचं नशीब.

हवामानाबद्दल फार लिहीत नाही. मंडळाचं केंद्र तुमच्या वावरापासून दूर आहे, पाऊस तुकड्यातुकड्यांत पडतो, तापमान मात्र बरंच एकसारखं असतं. म्हणून तापमानावर जास्त विसंबा, पावसावर कमी. आणि कोणी क्रिगिंग, म्हणजे मोजलेल्या ठिकाणांवरून मधल्या न मोजलेल्या ठिकाणांचा अंदाज काढणं, सुचवलं तर हात जोडा. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी क्रिग यांनी १९५० च्या सुमारास जे सुरू केलं ते आज भूजलाला आणि पावसाला सर्रास वापरतात, चांगलं चालतंही, पण अंतराबरोबर साम्य कसं कमी होतं हे शिकायला त्याला भरपूर ठिकाणं लागतात. तुमच्याकडे चार आहेत.

चुलतभावाच्या न्यूरल नेटवर्ककडे येऊ. चार गावं, आठ-आठ सापळे, तीन हंगाम, दर हंगामाचे तीन-चार महिने. ओळी दहा हजारांच्या आसपास भरतील. त्याला वाटतं, एवढा डेटा आहे. पण एकाच गावातले आठ सापळे एकमेकांचे भाऊ आहेत, आजचा आकडा कालच्याचा भाऊ आहे, आणि बोंडअळीचा हंगाम एकंदर तीनदाच आलाय. ‘चांगलं वर्ष आणि वाईट वर्ष कशानं ठरतं’ याबद्दल तुमच्याकडे तीन निरीक्षणं आहेत. त्यातून कोणतंही मॉडेल वर्षाचं कोडं सोडवू शकणार नाही. न्यूरल नेटवर्क तर नाहीच, पण रिग्रेशनही नाही.

तरी अचूकता नव्वदच्या वर येते, ती कशी? ओळी सरमिसळ करून ऐंशी टक्के शिकायला आणि वीस टक्के तपासायला ठेवल्या की मंगळवारची ओळ शिकण्यात जाते आणि त्याच सापळ्याची बुधवारची ओळ तपासण्यात. पेपर फुटल्यावर झालेल्या परीक्षेचे ते गुण आहेत. तपासायचं असेल तर एक पूर्ण हंगाम बाजूला ठेवा, दोन हंगामांवर शिकवा, तिसऱ्यावर तपासा, मग आळीपाळीनं. त्यानंतर एक गाव बाजूला ठेवून तेच. नव्वदचे पंचावन्न झाले तर घाबरू नका, खरा आकडा तोच आहे आणि पुढच्या वर्षी नव्या गावात तुम्हाला तोच भेटणार आहे. या आकड्याशेजारी दोन बिनडोक अंदाजांचेही आकडे ठेवा. एक, ‘पुढच्या आठवड्यात या आठवड्याइतकेच पतंग.’ दुसरा, ‘बाकीच्या वर्षांत याच आठवड्यात जेवढे होते तेवढे.’ तुमचं मॉडेल या दोघांना हरवत नसेल तर ते छापण्यासारखं नाही. वेधशाळा असो की भूजल खातं, कुठल्याही विषयात अंदाजाच्या कामाला ही पहिली कसोटी मी लावते, आणि भलेभले निबंध इथंच अडकतात.

मग प्रत्यक्षात काय करावं? तुमच्या जागी मी असते तर नेगेटिव्ह बायनॉमियल रिग्रेशनपासून (फार पसरलेल्या मोजणीच्या आकड्यांसाठीचं रिग्रेशन) सुरुवात केली असती. पतंगांचे आकडे पूर्णांक असतात, बरेच शून्य, मधेच एखादा साठ. मोजणीच्या आकड्यांसाठी नेहमी घेतात ते पॉइसाँचं वितरण म्हणतं की सरासरी आणि विचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) सारखं असावं. तुमच्या एका गावाच्या आकड्यांवर दोन्ही काढून पाहा, विचरण कितीतरी पट निघेल. किडी घोळक्यानं असतात म्हणून असं होतं. कारखान्यातले अपघात मोजताना ग्रीनवुड आणि यूल यांना १९२० साली हाच त्रास झाला होता, काही कामगारांना अपघात पुन्हा पुन्हा होत होते, आणि त्यांनी हेच वितरण वापरलं. ही उसनवारी निर्धास्त करा, कारण इथं अट एवढीच आहे की मूळ प्रमाण जागोजाग वेगळं असावं, आणि ते आहेच. मॉडेलमध्ये गेल्या आठवड्याचे पतंग, रात्रींचा ऑफसेट, ल्यूरचं वय, पिकाची अवस्था आणि गावाचा स्वतंत्र परिणाम एवढंच घाला.

पिकाची अवस्था म्हणजे पेरणीची तारीख धरून पात्या-फुलं कधी लागली ते. लोक इथं डिग्री-डे घालतात, म्हणजे ठरावीक उंबरठ्याच्या वर रोज किती उष्णता जमा झाली त्याची बेरीज. किडीच्या वाढीचं हे गणित पक्कं आहे. पण आपल्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर रोजची उष्णता जवळपास सारखीच जमा होते, त्यामुळं डिग्री-डे आणि कॅलेंडरची तारीख यांत मॉडेलला फरकच दिसत नाही. दोन्ही घातलेत तर गुणांक वेडेवाकडे निघतील, एक अधिक, एक उणे, आणि मग त्यांची स्पष्टीकरणं रचत बसाल. डिग्री-डेचा खरा उपयोग रात्री गार होऊ लागल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. बोंडअळीला फुलं आणि बोंडं लागतात, तेव्हा फुलोऱ्यापासून मोजलेले दिवस बहुतेक ठिकाणी जास्त काम करतील.

निष्कर्ष पतंगांच्या संख्येत मांडू नका, निर्णयात मांडा. शिफारशीतला उंबरठा तुम्हाला ठाऊक आहे: सापळ्यामागं रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, किंवा दहा टक्के बोंडं-फुलं किडलेली. तेव्हा विचारा की दहा दिवसांत हा उंबरठा ओलांडला जाईल असं मॉडेलनं किती वेळा सांगितलं आणि तसं झालं, किती वेळा सांगितलं आणि झालं नाही, किती वेळा न सांगताच झालं. या दोन चुका सारख्या किमतीच्या नाहीत. चुकलेली सूचना म्हणजे किडलेली बोंडं आणि कवडी झालेला कापूस. खोटी सूचना म्हणजे विनाकारण फवारणी, आणि ती फुकट पडत नाही. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. अचूकतेच्या टक्केवारीत हा फरक पुसला जातो, म्हणून मला ती टक्केवारी आवडत नाही.

बोंडं फोडून पाहण्याबद्दल एक हिशेब दाखवते. एकरातून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, दोन किडकी निघाली की दहा टक्के झाले, फवारा. वीसमध्ये दोन सापडली तर खऱ्या प्रमाणाची पंचाण्णव टक्के विश्वासाची मर्यादा साधारण १ ते ३२ टक्के येते. एकही किडकं निघालं नाही तरी खरं प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत असू शकतं. म्हणजे एका वावरापुरतं पाहिलं तर हा नियम फारच मोघम आहे. शिफारस करणाऱ्यांना दोष नाही, दोनशे बोंडं कोण फोडेल? पण एका गावातल्या दहा वावरांतली वीस-वीस बोंडं एकत्र आली आणि सापळ्यांचे आकडे जोडीला आले, की तीच माहिती चांगलीच धारदार होते. मॉडेलचा खरा फायदा इथं आहे, विखुरलेल्या थोड्या-थोड्या माहितीला एकत्र बांधण्यात. तुमच्याकडे बोंडांच्या नोंदी असतील तर त्या सापळ्यांपेक्षा मोलाच्या आहेत. तुम्ही त्यांचा उल्लेखही केला नाहीत, म्हणून विचारते.

‘असं केलं तर’ या वाटेनं जायचंच असेल तर मित्राला सोबत घ्या, पण प्रतिकारशक्तीचं गणित तरी अमेरिकेतून जसंच्या तसं आणू नका. तिथलं धोरण असं की बीटी झाडात विषाचा डोस इतका जास्त असावा की प्रतिकाराचं एकच जनुक असलेली अळी मरावी, आणि शेजारी बिगरबीटी कापूस असावा म्हणजे तिथल्या साध्या पतंगांशी जोड्या जमून प्रतिकार पातळ होत राहावा. तिथं २०१८ साली गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, अर्थात त्यामागं बीटीच्या जोडीनं वांझ पतंग सोडण्यासारखे इतर उपायही होते. आपल्याकडे बीटी आलं ते संकरित बियाण्यात. संकरित झाडाच्या बोंडात सरक्यांचं मेंडेलच्या नियमानं विभाजन होतं, एका जनुकाचं बीटी असेल तर साधारण चौथा हिस्सा सरक्या विषाविना. ही अळी नेमकी सरकी खाते, एकीतून दुसरीत जाते. जास्त डोसची अट बोंडाच्या आतच ढासळते. आणि बीटी बियाण्यासोबत मिळायचं ते बिगरबीटीचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट किती जणांनी पेरलं, हे गावात कोणालाही विचारा. समीकरण तेच, दोन अटी मोडलेल्या, आणि निकाल उलटा.

अजून एक हंगाम हाताशी असेल तर मॉडेलपेक्षा रचनेवर वेळ घाला. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या बंग दांपत्यानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा. त्याचं गणित मुळात टक्केवारी आणि तुलनेचं आहे, सारी ताकद गावं कशी निवडली आणि मृत्यू किती कसून मोजले यात आहे. तुम्हालाही दोन गावांत फरदड लवकर काढायला लोक तयार करता आले आणि दोन तशीच ठेवता आली, तर चार गावांतूनही तीन वर्षांच्या सापळ्यांपेक्षा जास्त कळेल. लोक तयार होतील का, हे त्या वर्षीच्या कापसाच्या भावावर आहे. भाव चढा असला तर कोणीही फरदड सोडत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही.

मार्गदर्शक ‘एवढं साधं मॉडेल?’ म्हणतील, ही भीती तुमच्या प्रश्नात दिसते. त्यांना हंगाम बाजूला ठेवून काढलेला तक्ता दाखवा, त्यात न्यूरल नेटवर्कचाही एक स्तंभ असू द्या. चुलतभावाला ते चालवायला सांगा, फक्त ओळी सरमिसळ करू देऊ नका. तो स्तंभ जिंकला तर आनंदानं तो वापरा.

तोवर वहीवरून नवा तक्ता करा. रकाने असे: गाव, सापळा क्रमांक, मोजल्याची तारीख, किती रात्रींचा आकडा, पतंग, सापळ्याची स्थिती, ल्यूर लावल्याची तारीख, त्या वावराची पेरणीची तारीख, पहिली फुलं दिसल्याची तारीख, फवारणी झाली असल्यास कधी आणि कशाची, डोमकळ्या किती, फोडलेली बोंडं किती, त्यातली किडकी किती. जिथं माहीत नाही तिथं कोरं सोडा, शून्य लिहू नका. फवारणीच्या तारखा वहीत नसतील तर कृषी सेवा केंद्राच्या पावत्या कास्तकारांकडे असतात, बरेच जण जपून ठेवतात. सर्वांत जास्त वेळ त्या गोळा करण्यात जाईल, तिथूनच सुरू करा.